फळाच्या सालीवरची बुरशी आणि तिच्यातले जैवसक्रिय घटक: नमुन्यापासून अर्काच्या चाचणीपर्यंत

सीताफळ काढणीला आले की त्याचे डोळे उघडतात आणि दोन डोळ्यांमधली खाच पिवळट पांढरी दिसू लागते. ही खाच हातभिंगाखाली धरा. धूळ दिसेल, पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसेल, त्याच्या गोड चिकट स्रावावर धरलेली काजळी दिसेल आणि मधूनमधून तपकिरी-हिरवट धाग्यांची जाळीही दिसेल. या जागेत अन्न तुटपुंजे, दुपारचे ऊन कडक आणि वाटेकरी पुष्कळ. तिथे तग धरायला बुरशी नाना तऱ्हेची रसायने बनवते. काही जिवाणूंना रोखतात, काही शेजारच्या बुरशीची वाढ थांबवतात, काही लोह पकडून ठेवतात, तर काही रंगद्रव्ये उन्हाचा मारा झेलतात. जैवसक्रिय घटक म्हणतात ते हेच.

अशा जागी हाताला काय लागू शकते, याचा दाखला जुना आहे. फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पाहिलेल्या बुरशीतून पेनिसिलिन फारच थोडे मिळत असे. १९४३ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी बुरसटलेल्या खरबुजावर पेनिसिलियमचा एक वाण सापडला आणि पुढचे कारखान्यांतले भरघोस उत्पादन देणारे वाण त्याच्याच वंशातून निघाले. द्राक्षबागेत फवारले जाणारे ॲझॉक्सिस्ट्रोबिनही मुळात बुरशीच्याच रेणूवरून घडवलेले आहे. तो रेणू, स्ट्रोबिल्युरिन, पाइनच्या शंकूंवर वाढणाऱ्या एका छत्रीच्या बुरशीत मिळाला होता.

हा लेख नांदेड, लातूर, परभणी, बीड, जालना अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत एम.एस्सी.चे प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक यांच्यासाठी आहे. फळावरून बुरशी काढणे अवघड नाही, पेट्री डिशमध्ये जिवाणूंभोवती स्वच्छ वर्तुळ मिळवणेही फार अवघड नाही. ते वर्तुळ त्या बुरशीच्याच रसायनामुळे पडले आहे, हे दाखवण्यात खरी कसोटी आहे. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर नियंत्रण-नमुना (तुलनेसाठी ठेवलेला, बुरशी किंवा फळ नसलेला नमुना) कोणता ठेवायचा, यावर जास्त भर दिला आहे.

कोणते फळ, कधी

पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने सीताफळ घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बालाघाटच्या डोंगरउतारावर, धारूर-अंबाजोगाईच्या माळावर जी रानची झाडे आहेत, त्यांच्यावर बुरशीनाशक पडलेले नसते. सालीच्या खाचांमुळे बुरशीला आसरा मिळतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा हंगाम हवामानाच्या दृष्टीनेही सोयीचा. मोसंबीचा आंबेबहार साधारण त्याच सुमारास उतरतो, त्यामुळे बदनापूर-अंबड पट्ट्यातली मोसंबी तुलनेसाठी घेता येते. केसर आंबा मे-जूनमध्ये येतो, पण त्या दिवसांत प्रयोगशाळेचे तापमान हीच अडचण होते, त्याबद्दल पुढे येईलच. द्राक्ष शेवटी ठेवावे. द्राक्षावर हंगामात इतक्या फवारण्या होतात की सालीवर उरलेल्या बुरशीची संख्या कमी असते आणि धुतलेल्या पाण्यात औषधाचा अंशही येतो.

बागेतले फळ घेणार असाल तर शेतकऱ्याची फवारणीची वही पाहून शेवटची फवारणी, औषधाचे नाव आणि तारीख लिहून घ्या. हे न करता नंतर ‘या बागेत बुरशी कमी आहे’ असा निष्कर्ष काढला तर त्याला अर्थ उरत नाही.

एका झाडाची पाच फळे, चारही बाजूंची आणि आतल्या फांदीवरचे एक, अशी निवडा. फळ हाताने ओढू नका. हातमोजे घाला, कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा, दीड-दोन सेंमी देठ ठेवून फळ कापा आणि ते थेट निर्जंतुक पिशवीत पडू द्या. जमिनीला लागलेले फळ टाकून द्या, त्यावर मातीची बुरशी असते. चिरलेले, कुजलेले, पोखरलेले फळही नको. प्रत्येक पिशवीत एकच फळ. पिशव्या बर्फाच्या डब्यात ठेवा, पण बर्फाचे पाणी पिशवीत शिरणार नाही हे पाहा. २४ तासांच्या आत काम सुरू झाले पाहिजे, कारण पिशवीत फळ घामेजते आणि भरभर वाढणारी बुरशी बाकीच्यांना दाबून टाकते. एक रिकामी पिशवीही बागेत उघडून, बंद करून सोबत आणा. ती हवेचा नियंत्रण-नमुना.

साल धुणे आणि पेरणी

०.८५ टक्के मिठाच्या द्रावणात (एका लिटरला ८.५ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ऊर्ध्वपातित पाण्यात) ट्वीन ८० (साबणासारखे काम करणारे द्रव्य) ०.०५ टक्के प्रमाण पडेल इतके घाला, म्हणजे १०० मिलिला ५० मायक्रोलिटर. ट्वीनशिवाय बीजाणू मेणचट सालीला चिकटून राहतात आणि पाण्यात गुठळ्या होतात. द्रावण १५ पौंड दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे निर्जंतुक करून थंड करा. फळाच्या पिशवीत १०० मिलि ओतून २० ते ३० मिनिटे हलवा. शेकर असेल तर मिनिटाला १५० फेरे, नसेल तर हाताने उलटसुलट करा.

मोसंबी आणि आंब्याच्या बाबतीत एक पथ्य आहे. मोसंबी जोराने चोळली की सालीतल्या तेलग्रंथी फुटतात आणि त्यातले लिमोनीन बुरशीलाच मारक ठरते. आंब्याच्या देठाच्या चिकातही बुरशीरोधक द्रव्ये असतात, म्हणून आंबा बागेतच देठ खाली करून चीक निथळू द्यावा. धुतलेल्या पाण्याला संत्रावर्गीय वास येत असेल किंवा त्यावर तवंग दिसत असेल तर तो नमुना पुन्हा घ्या.

धुतलेले पाणी १० पट, १०० पट आणि १००० पट पातळ करून प्रत्येकाचे ०.१ मिलि माध्यमावर काचेच्या वाकड्या कांडीने पसरवा, प्रत्येक पातळीच्या तीन प्लेट. पीडीए (पोटॅटो डेक्स्ट्रोज आगर) आणि रोज बेंगाल क्लोरॅम्फेनिकॉल आगर अशी दोन माध्यमे ठेवा. पीडीए विकतचे असेल तर लिटरला ३९ ग्रॅम. घरचे करायचे तर सोललेले बटाटे २०० ग्रॅम उकळून गाळलेले पाणी, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, आगर १५ ग्रॅम आणि पाणी एक लिटर होईल इतके. जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल लिटरला १०० मिलिग्रॅम, थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून. हे उष्णता सहन करते, म्हणून माध्यमासोबतच ऑटोक्लेव्हमध्ये जाऊ शकते. स्ट्रेप्टोमायसिन वापरणार असाल तर मात्र माध्यम ४५ ते ५० अंशांवर आल्यावरच मिसळा. रोज बेंगालच्या प्लेट काळ्या कागदात गुंडाळा. उजेडात हा रंग बुरशीला विषारी होतो आणि मग ‘काहीच उगवले नाही’ अशी तक्रार येते. ऑटोक्लेव्ह चालू असताना वीज गेली आणि दाब उतरला, तर उरलेली मिनिटे मोजू नका. दाब पुन्हा चढल्यावर वेळ शून्यापासून धरा.

प्लेट २५ ते २८ अंशांना ठेवा. ‘खोलीच्या तापमानाला ठेवले’ हे वाक्य आपल्याकडे उन्हाळ्यात चालत नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीत ४० अंश होतात, पेनिसिलियम आणि क्लॅडोस्पोरियम तिथे जवळजवळ थांबतात, ॲस्परजिलस मात्र उसळून येतो. मग मराठवाड्यातल्या सगळ्या फळांवर ॲस्परजिलसच असतो, असा चुकीचा समज होतो. बीओडी इन्क्युबेटर (तापमान स्थिर ठेवणारे कपाट) वापरा आणि आत कमाल-किमान तापमापी ठेवा, म्हणजे रात्री वीज जाऊन आतले तापमान कुठवर गेले हे सकाळी कळते.

तिसऱ्या दिवशी प्लेटच्या पाठीवर मार्करने दिसलेल्या वसाहतींभोवती खुणा करा. सातव्या दिवशी खुणा नसलेल्या, उशिरा आलेल्या लहान वसाहती शोधा आणि प्लेट १४ दिवसांपर्यंत ठेवा. या पद्धतीत भरपूर बीजाणू टाकणाऱ्या बुरशांचेच राज्य असते. ॲस्परजिलस नायजरचे एक डोके फुटले तरी प्लेटभर काळे ठिपके पडतात. रसायनांच्या दृष्टीने रंजक अशा सावकाश वाढणाऱ्या बुरशा कडेला, गोट्याएवढ्याही न होता बसलेल्या असतात. त्या उचलायला हव्यात.

मोजणी करायची तर १५ ते १५० वसाहती असलेली प्लेट धरा. समजा १० पट पातळ केलेल्या पाण्याच्या ०.१ मिलिमध्ये ४० वसाहती आल्या. म्हणजे मूळ पाण्यात मिलिला ४,०००, आणि १०० मिलिमध्ये चार लाख. मोसंबीचा व्यास ७ सेंमी असेल तर गोल धरून पृष्ठभाग सुमारे १५४ चौरस सेंमी, म्हणजे चौरस सेंमीला साधारण २,६०० वसाहतकारी एकके. सीताफळाचा पृष्ठभाग असा काढता येत नाही, तिथे आकडा फळाच्या वजनावर, ग्रॅममागे द्यावा.

आता ही बुरशी सालीवरची की सालीच्या आतली? धुतलेल्या फळाच्या सालीचे तुकडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये १ मिनिट, २ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये २ ते ३ मिनिटे, पुन्हा अल्कोहोलमध्ये ३० सेकंद बुडवा, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा आणि पीडीएवर ठेवा. शेवटच्या धुण्याचे पाणीही एका प्लेटवर पसरवा. त्या प्लेटवर काही उगवले, तर साल निर्जंतुक झालेली नव्हती आणि तुकड्यांतून आलेल्या बुरशीला ‘आतली’ म्हणता येत नाही. जी बुरशी धुतलेल्या पाण्यात आहे पण अशा तुकड्यांत नाही, तीच पृष्ठभागावरची.

शुद्ध वाण, ओळख, साठवण

वसाहतीच्या कडेचा एकच धागा उचलून प्रतिजैविक नसलेल्या पीडीएवर लावा आणि पुढच्या चाचणीआधी अशा साध्या माध्यमावर निदान दोन पिढ्या काढा. हे टाळले तर क्लोरॅम्फेनिकॉल असलेल्या आगराचा तुकडा थेट जिवाणूंच्या प्लेटवर जातो, भोवती सुंदर वर्तुळ पडते आणि ते वर्तुळ औषधाच्या बाटलीतले असते, बुरशीचे नसते. प्रकल्पात सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. सगळ्याच बुरशा सारख्याच आकाराचे वर्तुळ देत असतील तर आधी हीच शंका घ्या.

सूक्ष्मदर्शकाखाली लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यू या रंगात वंश ओळखता येतो. पेनिसिलियमची झाडूसारखी शाखा, ॲस्परजिलसचे गोल डोके, अल्टरनेरियाचे आडव्या-उभ्या भिंतींचे गदेसारखे बीजाणू, फ्युजेरियमचे चंद्रकोरी बीजाणू. काळपट, चिकट, यीस्टसारखी सुरुवात करून मग काळी पडणारी वसाहत बहुधा ऑरिओबॅसिडियम पुलुलान्सची असते आणि फळांच्या सालीवर ती हमखास भेटते. जातीपर्यंत जायचे तर आयटीएस या, बुरशी ओळखायला वापरल्या जाणाऱ्या भागाचा डीएनए क्रम काढावा लागतो. मात्र ॲस्परजिलस, पेनिसिलियम, फ्युजेरियम आणि कोलेटोट्रायकम यांत आयटीएस ९९ टक्के जुळला म्हणून जात पक्की होत नाही. पहिल्या दोघांसाठी कॅलमोड्युलिन किंवा बीटा-ट्युब्युलिन, फ्युजेरियमसाठी टीईएफ-१ अल्फा जनुक लागते. ते शक्य नसेल तर प्रबंधात वंशापर्यंतच लिहा. चुकीच्या जातीच्या नावापेक्षा ते कितीतरी चांगले.

साठवणुकीसाठी उणे ८० अंशांचा फ्रीझर नसेल तर अडून बसू नका. वसाहतीच्या वाढत्या कडेचे ६ मिमीचे आगराचे पाच-सहा तुकडे ५ मिलि निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्यात, स्क्रू झाकणाच्या बाटलीत टाका आणि ४ अंशांना ठेवा. कास्टेलानी यांची ही जुनी पद्धत आहे आणि बऱ्याच बुरशा अशा पाण्यात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. सक्रिय ठरलेला वाण मात्र पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात किंवा चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहात जमा करून त्याचा क्रमांक घ्या. वाण मेला की त्यावरचे सगळे निष्कर्ष कागदावरच राहतात.

सुरक्षेचे इथेच सांगितलेले बरे. आडव्या प्रवाहाचा लॅमिनार फ्लो हवा तुमच्या तोंडावर फेकतो, म्हणजे ॲस्परजिलस फ्लेव्हस किंवा फ्युमिगॅटसची प्लेट तिथे उघडली तर बीजाणू थेट श्वासात जातात. अशा बुरशीसाठी दुसऱ्या वर्गाची जैवसुरक्षा कपाटे असतात. ते नसेल तर प्लेट कमीत कमी उघडा, एन-९५ मुखपट्टी लावा आणि दमा असलेल्या विद्यार्थ्याला हे काम देऊ नका. प्लेटचा वास घेऊन बुरशी ओळखायची सवय मोडा. टाकाऊ प्लेट १२१ अंशांना ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाता कामा नये.

पहिली चाळणी

सात ते दहा दिवसांच्या वसाहतीतून ६ मिमीच्या कॉर्क बोररने तुकडा काढून म्युलर हिंटन आगरवर ठेवा. त्याआधी त्या आगरवर ०.५ मॅकफार्लंड गढूळतेचे जिवाणू (मिलिला सुमारे दीड कोटीच्या दसपट, म्हणजे १५ कोटी पेशी) कापसाच्या बोळ्याने तीन दिशांनी पसरवलेले असावेत. पदवी महाविद्यालयात बॅसिलस सबटिलिस आणि रोग न करणारा ई. कोलाय वाण पुरेसा आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हाताळायची सोय असेल तरच तो आणा. प्लेट ४ अंशांना दोन तास ठेवा म्हणजे रसायन पसरेल, मग ३७ अंशांना १८ ते २४ तास.

दुसऱ्या बुरशीविरुद्ध पाहायचे तर ९ सेंमीच्या पीडीए प्लेटवर समोरासमोर दोन तुकडे लावा, एक तुमच्या बुरशीचा आणि एक आंब्यावर करपा पाडणाऱ्या कोलेटोट्रायकमचा. एकट्या कोलेटोट्रायकमच्या वाढीतून जोडीतली वाढ वजा करा, एकट्याच्या वाढीने भागा आणि १०० ने गुणा. हे रोधाचे टक्के. नुसते टक्के नव्हे तर मधली मोकळी पट्टीही पाहा. पट्टी असेल तर पसरणारे रसायन आहे. दोघी भिडून एक दुसरीवर चढली असेल तर ती जागेची आणि अन्नाची लढाई, अर्क काढून फारसे हाती लागणार नाही.

या टप्प्यावरचा दुसरा मोठा भ्रम म्हणजे आम्लाचा. ॲस्परजिलस नायजर सायट्रिक आणि ऑक्झॅलिक आम्ल भरपूर सोडतो. भोवतालचा पीएच घसरतो, जिवाणू मरतात आणि वर्तुळ पडते. म्हणून बुरशीचा द्रव गाळून त्याचे दोन भाग करा, एक तसाच आणि दुसरा सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ वर आणलेला. तटस्थ केलेल्या भागाचे वर्तुळ नाहीसे झाले तर तो वाण यादीतून काढा.

वाढवणे

एकच बुरशी माध्यम बदलले की वेगळी रसायने बनवते. म्हणून निवडलेल्या प्रत्येक वाणाला निदान तीन माध्यमे द्या: बटाटा-डेक्स्ट्रोज द्रव, झापेक-डॉक्स द्रव (साखर आणि क्षारांचे माध्यम) आणि धान्य. द्रवासाठी ५०० मिलि चंबूत २०० मिलि माध्यम, ६ मिमीचे पाच तुकडे, न हलवता २१ दिवस. हलवून वाढवायचे तर मिनिटाला १२० ते १५० फेरे आणि ७ ते १० दिवस. न हलवलेल्या चंबूत वर जाड साय धरते आणि बऱ्याच बुरशा तशाच जास्त रसायने देतात.

धान्यात तांदूळ प्रमाण मानतात: २५० मिलि चंबूत ४० ग्रॅम तांदूळ, ४० मिलि पाणी, रात्रभर भिजवून २० मिनिटे ऑटोक्लेव्ह, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. ज्वारीही उत्तम चालते, ट्रायकोडर्मा वाढवायला ती आपल्याकडे वापरतातच. मात्र ज्वारी पांढरी घ्या. लालसर ज्वारीच्या सालीतली फिनॉलवर्गीय द्रव्ये अर्कात उतरतात आणि ऑक्सिडीकरणरोधाच्या चाचणीत बुरशीच्या नावावर जमा होतात. दाणे एकमेकांना न चिकटता मऊ झाले पाहिजेत, पाणी जास्त झाले तर खाली लगदा होऊन आंबूस वास येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चंबू हलवून दाणे मोकळे करा. २१ ते २८ दिवस लागतात.

प्रत्येक माध्यमाचा, बुरशी न लावलेला, एक चंबू तितकेच दिवस ठेवा आणि त्याचाही अर्क काढा. हा नियंत्रण-नमुना नसेल तर पुढचे काहीही छापण्यालायक राहत नाही.

अर्क

द्रव मलमलीतून आणि मग व्हॉटमन क्रमांक १ मधून गाळा. गाळलेल्या द्रवाइतकेच इथिल ॲसिटेट विभाजक नरसाळ्यात घालून पाच मिनिटे हलवा, मध्येमध्ये तोटी उघडून वाफ सोडा. असे तीनदा. वरचा थर इथिल ॲसिटेटचा. मध्ये फेसाळ थर अडून राहिला तर दोन-तीन चमचे मीठ टाका आणि थांबा. ऑरिओबॅसिडियमचा द्रव पुलुलान या बहुशर्करेमुळे लापशीसारखा घट्ट होतो, गाळणीतून उतरत नाही. त्यात दुप्पट थंड अल्कोहोल घातले की पुलुलान तंतूंसारखे खाली बसते. ते सेंट्रिफ्यूजने काढा, अल्कोहोल उडवा आणि मग इथिल ॲसिटेट वापरा.

बुरशीची साय किंवा धान्य वेगळे मिथेनॉलमध्ये २४ तास बुडवून ठेवा, गाळा, मिथेनॉल उडवा आणि उरलेल्यात पाणी घालून इथिल ॲसिटेटने काढा. धान्याच्या अर्कात तेलकटपणा फार असतो, तो ९० टक्के मिथेनॉल आणि हेक्झेन यांच्यात वाटून हेक्झेनसोबत टाकून द्या.

सगळे इथिल ॲसिटेट एकत्र करून त्यात निर्जल सोडियम सल्फेट, ते मोकळ्या वाळूसारखे हलेपर्यंत, घाला. गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना आटवा. यंत्र नसेल तर रुंद चिनी मातीच्या वाटीत, फ्यूम हूडमध्ये (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात), रात्रभर ठेवा. हॉट प्लेट अजिबात नको, या द्रावकाची वाफ सहज पेट घेते. जुन्या, उघड्या राहिलेल्या इथिल ॲसिटेटला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यात ॲसिटिक आम्ल तयार झालेले असते. ते वापरले की आम्लाचा भ्रम पुन्हा मागच्या दाराने आत येतो. वाळलेला अर्क वजन केलेल्या काचेच्या शिशीत ठेवा, वजन लिहा, उणे २० अंशांना ठेवा.

प्लास्टिकची नळी, प्लास्टिकची बाटली या कामात कुठेही नको. त्यातले थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी द्रव्ये) द्रावकात उतरतात, जीसी-एमएसच्या (घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राच्या) यादीत वर येतात आणि ‘बुरशीत सापडलेला जैवसक्रिय घटक’ म्हणून छापले जातात. तुमच्या यादीत डायब्युटिल थॅलेट किंवा हेक्झाडेकॅनॉइक आम्ल पहिल्या पाचांत असेल, तर आधी बुरशी न लावलेल्या चंबूचा आलेख शेजारी ठेवून पाहा.

टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करणे) आणि वर्तुळ कुणाचे

सिलिका जेल ६० एफ२५४ च्या ॲल्युमिनियम पट्टीवर मिलिला १० मिलिग्रॅम अर्काचे ५ मायक्रोलिटर थेंब लावा. शेजारी माध्यमाचा अर्क. एक पट्टी हेक्झेन आणि इथिल ॲसिटेट समप्रमाणात, दुसरी क्लोरोफॉर्म ९ भाग आणि मिथेनॉल १ भाग अशी चढवा. २५४ आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ठिपके पेन्सिलने आखा, मग ॲनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्ल फवारून १०५ अंशांना पाच मिनिटे तापवा. ३६५ नॅनोमीटरला निळे किंवा हिरवे चमकणारे ठिपके दिसले आणि बुरशी ॲस्परजिलस फ्लेव्हस असेल, तर अफ्लाटॉक्सिनचा संशय घ्या आणि प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहा. तसेच पेनिसिलियम एक्स्पान्सममध्ये पॅट्युलिन आणि द्राक्षावरच्या ॲस्परजिलस कार्बोनॅरियसमध्ये ऑक्राटॉक्सिन ए. हे घटकही जैवसक्रियच, पण माणसाला घातक. म्हणून चाचणीत प्रभावी ठरलेला अर्क आधी विषासाठी तपासायचा.

कोणता ठिपका काम करतो हे पाहायची सर्वांत समाधान देणारी रीत म्हणजे पट्टीवरच जिवाणू वाढवणे. द्रावक पूर्ण उडेपर्यंत, निदान काही तास, पट्टी वाळवा. ०.७ टक्के आगर ४५ अंशांवर आल्यावर त्यात बॅसिलस मिसळा आणि पट्टीवर पातळ थर द्या. दमट डब्यात ३७ अंशांना रात्रभर ठेवून मिलिला २.५ मिलिग्रॅम एमटीटी हा रंग फवारा. जिवंत जिवाणू जांभळे होतात, सक्रिय ठिपक्याची जागा फिकी राहते. हा एक प्रयोग दहा वर्तुळांच्या तक्त्याहून जास्त सांगतो, कारण त्यात क्रिया आणि रेणू एकाच जागी दिसतात. बुरशीरोधासाठी जिवाणूंऐवजी क्लॅडोस्पोरियमचे बीजाणू फवारा. तीन दिवसांत पट्टी राखाडी-काळी होते आणि सक्रिय जागा पांढऱ्या राहतात.

यानंतरच एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारे अर्काचे किमान प्रमाण. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये मिलिला १,००० मायक्रोग्रॅमपासून निम्मे-निम्मे करत सुमारे ८ पर्यंत. अर्क विरघळवणारे डीएमएसओ खाचेत १ टक्क्याच्या वर नको. केवळ डीएमएसओ, माध्यमाचा अर्क, फक्त जिवाणू, फक्त माध्यम आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक या खाचा हव्यातच. रेझाझुरिन हा रंग घातल्यावर गुलाबी म्हणजे वाढ, निळे म्हणजे रोध. कच्च्या अर्काचा आकडा १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर स्तंभ लावून घटक वेगळा करण्यात अर्थ आहे. ५०० च्या वर असेल तर तो वाण सोडून दुसरा घ्या. शुद्ध घटकाची रचना एनएमआर यंत्रावर पाहायला निदान २ ते ५ मिलिग्रॅम लागतात, त्यासाठी कित्येक लिटर माध्यम वाढवावे लागते. पेटंटचा विचार असेल किंवा नमुना परदेशी पाठवायचा असेल, तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वाट आधी धरा.

फळावर उलटी चाचणी

मराठवाड्यासाठी या कामाचा सर्वांत जवळचा उपयोग नव्या प्रतिजैविकापेक्षा काढणीनंतरची कुज थांबवण्यात आहे. युरोपात ऑरिओबॅसिडियम पुलुलान्सपासून बनवलेली उत्पादने सफरचंदाच्या साठवणुकीत वापरली जातात. मोसंबीवरची हिरवी बुरशी, पेनिसिलियम डिजिटॅटम, घेऊन ही चाचणी कुठल्याही महाविद्यालयात होऊ शकते.

एकसारखी, न खरचटलेली मोसंबी १ टक्के हायपोक्लोराइटमध्ये दोन मिनिटे बुडवा, धुवा, वाळवा. मध्यावर निर्जंतुक खिळ्याने ३ मिमी रुंद आणि ३ मिमी खोल जखम करा. त्यात तुमच्या जिवंत ऑरिओबॅसिडियमच्या पेशी, मिलिला १ कोटी ते १० कोटी, २० मायक्रोलिटर सोडा. दोन तासांनी त्याच जखमेत हिरव्या बुरशीचे बीजाणू, मिलिला १ लाख, तितकेच सोडा. बीजाणू हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकडीच्या काचेवर) मोजलेलेच हवेत, अंदाजाने घातले तर फळाफळात फरक पडतो. गट चार: पाणी, मारलेल्या पेशी, जिवंत पेशी आणि नेहमीचे बुरशीनाशक. प्रत्येक गटात १० फळे आणि असे तीन संच. झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू ठेवून २० ते २५ अंशांना ठेवा. तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी कुजीचा व्यास दोन दिशांनी मोजा. मारलेल्या पेशींनीही कुज थांबली तर त्यात रसायनाचा हात आहे. फक्त जिवंत पेशींनी थांबली तर ती जागेची आणि साखरेची स्पर्धा आहे, आणि मग अर्काऐवजी बुरशीच वापरणे शहाणपणाचे. अर्काची चाचणी करायची तर विषाची तपासणी झालेलाच अर्क घ्या. चाचणीतले एकही फळ कुणी खाणार नाही याची व्यवस्था आधीच करा, फळे मोजून ऑटोक्लेव्ह करा आणि मगच टाका.